क्वालिफायरची एंट्री भरण्याआधी: इंदूरच्या नव्या पूल खेळाडूंसाठी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी रामबागेत पोहे-जलेबी खात बसलो होतो. शेजारच्या मुलाने मोबाइल पुढे केला. "काका, हे बघा. पहिलं बक्षीस पंचवीस हजार आणि एंट्री फक्त दीड हजार. भरू का?" मुलगा गेली दोन वर्षं विजयनगरच्या एका पार्लरमध्ये पूल, म्हणजे टेबलावर क्यूने चेंडू पॉकेटात घालायचा खेळ, खेळतो. हात चांगला आहे, बाहेरच्या स्पर्धेत मात्र कधी उतरला नव्हता. मी दोनच गोष्टी विचारल्या. किती जण खेळणार? आणि बक्षीस कितव्या नंबरापर्यंत? पोस्टरवर दोन्हीचा पत्ता नव्हता.

नंतर कागद-पेन घेऊन त्याला जे समजावलं ते इथे मांडतोय. त्याच्यासारखी बरीच मुलं-मुली हल्ली पहिली क्वालिफायर खेळायच्या बेतात असतात, आणि त्यांना हे नीट बसून सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या पोस्टरवरचे आकडे त्यात घालून बघा.

पहिली पायरी: जिंकल्यावर नक्की काय मिळतं?

'क्वालिफायर' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावतात.

पहिल्या प्रकारात रोख बक्षीस असतं, आणि वरचे काही जण मोठ्या स्पर्धेतही जातात. दुसऱ्या प्रकारात रोख काहीच नसतं, मुख्य स्पर्धेतली जागा मिळते, म्हणजे तिथली फी तुमच्या वतीने भरली जाते. तिसरा प्रकार निवड चाचणीचा. राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे बीएसएफआयच्या (भारतीय बिलियर्ड्स-स्नूकर महासंघाच्या) नॅशनलमध्ये, उतरायचं तर वाट राज्य संघटनेतून जाते. तिथे फी भरून तुम्ही निवडीची संधी घेता, बक्षिसाचा भाग गौण असतो. या तिन्हींचा हिशेब एका मापाने केला की नव्या खेळाडूचे पैसेही जातात आणि उमेदही खचते.

खेळ कोणता हेही इथेच विचारून घ्या. एट-बॉल, नाइन-बॉल की टेन-बॉल? टेबल नऊ फुटी की लहान? नऊ फुटी पूल टेबलची खेळायची जागा १०० इंच बाय ५० इंच असते आणि चेंडू सव्वादोन इंचाचे. आपल्याकडे काही पार्लरमध्ये लहान टेबल आणि लहान चेंडू असतात. आता हेबॉल हा पूलचाच एक प्रकारही आलाय. त्यात चेंडू पूलचे, पण पॉकेटं स्नूकरसारखी गोलसर आणि घट्ट. रोज एका टेबलावर खेळून दुसऱ्याच टेबलावरच्या स्पर्धेची फी भरली, तर पहिली मॅच टेबल समजून घेण्यातच संपते.

दुसरी पायरी: तुमचे पैसे कुठे जातात ते मांडा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण बाकीचं सगळं यातूनच निघतं.

समजा ३२ खेळाडू आणि फी १,५०० रुपये. जमा झाले ४८,०००. यातले डोईमागे ३०० रुपये टेबलभाडं, लाइट, रेफरी यांना गेले. काही ठिकाणी याला 'ग्रीन फी' म्हणतात. म्हणजे ९,६०० बाजूला. बक्षिसांना उरले ३८,४००. आता या रकमेला ३२ ने भागा, १,२०० येतात. प्रत्येकाने दिले १,५०० आणि सरासरी परत येणार १,२००. याचा अर्थ सगळे सारख्याच ताकदीचे असले, तर प्रत्येक जण दर स्पर्धेला ३०० रुपये खर्च करून खेळतोय. यात गैर काहीच नाही. टेबलं फुकट मिळत नाहीत आणि दिवसभर उभं राहून ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, सांभाळणाऱ्याचेही कष्ट असतात. हा खर्च किती आहे हे मात्र आपल्याला ठाऊक हवं.

आता समजा क्लबने किंवा एखाद्या दुकानदाराने वरून १०,००० घातले. याला 'ॲडेड मनी' म्हणतात. मग बक्षिसांची रक्कम ४८,४०० होते आणि डोईमागे सरासरी १,५१२ रुपये. आता खेळाडू एकूण तोट्यात नाहीत. म्हणून पोस्टरवर 'एकूण बक्षिसं एवढी' असं मोठ्या अक्षरात दिसलं की आधी फीतून टेबलखर्च काढा, उरलेल्याला खेळाडूंच्या संख्येने गुणा आणि तो गुणाकार मोठ्या आकड्यातून वजा करा. उरलं ते बाहेरून आलेलं. पुष्कळदा उरतं शून्य. म्हणजे जाहिरातीतली सगळी रक्कम खेळाडूंच्याच खिशातली असते.

त्या मुलाच्या पोस्टरला हेच गणित लावलं. पहिलं बक्षीस २५,०००. समजा १६ जणच आले, तर जमा होणार २४,०००. सगळे पैसे विजेत्याला दिले तरी हजार कमी पडतात. मग आयोजक एकतर पदरचे घालेल किंवा बक्षीस कापेल. यासाठी पोस्टरवर 'गॅरंटीड' हा शब्द आहे का ते बघा. 'किमान ३२ एंट्री आल्यास' अशी बारीक ओळ असेल, तर वरचा आकडा कच्चा समजा.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाहेरगावच्या स्पर्धेला गेलो होतो, उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. तेव्हा कळलं की एंट्री कमी आल्यामुळे तिसऱ्या-चौथ्याचं बक्षीसच रद्द झालंय. आयोजकाशी भांडायला कागद नव्हता, बोलणं सगळं तोंडी झालेलं. रात्रीच्या बसमध्ये हरल्याच्या दुःखापेक्षा आपण आधी विचारलं का नाही याची चुटपुट जास्त लागली.

तिसरी पायरी: बक्षीस किती खोलवर जातं?

तेच ३८,४०० दोन तऱ्हांनी वाटून पाहू.

पहिली तऱ्हा अशी: विजेत्याला २५,०००, उपविजेत्याला ८,४००, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना २,५०० प्रत्येकी. बेरीज बरोबर ३८,४००. पण ३२ जणांच्या ड्रॉमध्ये उपांत्य फेरी गाठायला तीन मॅच जिंकाव्या लागतात. तीन मॅच जिंकून हातात २,५००, त्यातून फी वजा केली तर हजार. आणि दोन मॅच जिंकून थांबलेल्या चौघांना काहीही नाही.

दुसरी तऱ्हा: विजेत्याला १२,०००, उपविजेत्याला ८,०००, तिसऱ्या-चौथ्याला ४,६०० प्रत्येकी आणि पाचव्या ते आठव्याला २,३०० प्रत्येकी. बेरीज तीच, ३८,४००. इथे दोन मॅच जिंकल्या की फी वसूल आणि वर ८०० रुपये.

नव्या खेळाडूने दुसऱ्या तऱ्हेची स्पर्धा निवडावी असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षी तुम्ही स्पर्धा जिंकण्याची शक्यता कमी, पण चांगल्या दिवशी दोन मॅच जिंकणं आवाक्यातलं. साधारणपणे चारातल्या एकाला काहीतरी मिळत असेल, तर वाटप खोल आहे असं समजायला हरकत नाही. आठातल्या एकालाच मिळत असेल, तर ती स्पर्धा वरच्या चार-पाच नावांसाठी आहे आणि बाकीचे त्यांच्या बक्षिसात भर घालतायत.

इंदूरमध्ये ही वरची नावं हलकी नाहीत. हे गाव स्नूकर-बिलियर्ड्सचं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत पंकज अडवाणीने आपलं ३६ वं राष्ट्रीय विजेतेपद इथल्या यशवंत क्लबमध्येच घेतलं. स्नूकरपटू अमी कमानी याच गावची. आणि स्नूकर हा खेळच मुळी १८७५ मध्ये आपल्या जबलपूरच्या फौजी मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या हातून जन्मला. अभिमान वाटावा असंच आहे हे, पण त्याचा व्यवहारी अर्थही ध्यानात घ्या. बारा फुटी टेबलावर घडलेला स्नूकरपटू नऊ फुटी पूल टेबलावर येतो, तेव्हा त्याला पॉकेटं दारासारखी मोठी दिसतात. ब्रेक (डाव फोडणारा पहिला फटका) आणि किक शॉटमध्ये (आधी कडेला आपटून मारलेला फटका) तो तुमच्याइतका मुरलेला नसेल, पण सरळ पॉट सोडणार नाही. म्हणून एंट्री भरण्याआधी कोणाकोणाची नावं आली आहेत ते बेधडक विचारा. असं विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

चौथी पायरी: एका फीत किती मॅच?

सिंगल नॉकआउटमध्ये हरलात की संपलं. दीड हजारात एक मॅच, कदाचित अर्ध्या तासाची. डबल नॉकआउटमध्ये एकदा हरल्यावर खालच्या बाजूने पुन्हा संधी मिळते, म्हणजे दोन मॅच नक्की. चार-चारचे गट पाडून साखळी असेल, तर तीन मॅच नक्की. शिकण्याच्या दृष्टीने फीला या नक्कीच्या मॅचनी भागा. १,५०० आणि एक मॅच यापेक्षा ९०० आणि तीन मॅच हा सौदा नवख्यासाठी कितीतरी चांगला, मग बक्षीस निम्मं का असेना.

रेस किती लांबीची तेही बघा. एक डाव म्हणजे एक रॅक, आणि रेस टू ३ म्हणजे जो आधी ३ रॅक घेईल तो मॅच जिंकला. समजा समोरचा तुमच्याहून सरस आहे आणि दहा रॅकपैकी तुम्ही चार जिंकता. रेस टू ३ असेल तर मॅच जिंकण्याची तुमची शक्यता सुमारे ३२ टक्के. रेस टू ५ मध्ये ती २७ वर येते, रेस टू ७ मध्ये २३ वर. रेस लांबली की सरस खेळाडूचं पारडं जड होत जातं. मोठी फी आणि लांब रेस ही जोडी नवख्याला सगळ्यात महाग पडते. हँडिकॅप असेल, म्हणजे समोरच्याला ७ रॅक हवेत आणि तुम्हाला ५, तर गणित बदलतं. पण हँडिकॅप कोण ठरवतं आणि कशावरून, हे विचारून ठेवा.

वेळेचाही अंदाज घ्या. १६ जणांच्या डबल नॉकआउटमधून दोन जण निवडायचे, एक न हरलेला आणि एक खालच्या बाजूचा, तर २९ मॅच होतात. चार टेबलं आणि मॅचला पाऊण तास धरला, तर मध्ये एकही खोळंबा न होता जवळजवळ सात तास लागतात. सकाळी अकराला सुरू झालेली स्पर्धा आठ-नऊच्या आत क्वचितच संपते. घरी तसं सांगून निघा. अशा रात्री सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाण्यात जी मजा आहे ती वेगळीच, पण आधी डबा नेलेला बरा. उपाशीपोटी खालच्या बाजूच्या पाच मॅच खेळवत नाहीत.

पाचवी पायरी: जागेची किंमत काढा

आता जागा देणारी क्वालिफायर. १६ खेळाडू, फी १,०००, जमा १६,०००. मुख्य स्पर्धेची फी ६,०००. दोन जागा दिल्या, १२,००० गेले. दोघांना प्रवासासाठी हजार-हजार. उरलेले २,००० टेबलांना. हिशेब चोख आहे.

तुमच्यासाठी मात्र प्रश्न वेगळा. जागा आणि प्रवासखर्च मिळून ७,००० ची वस्तू तुम्ही हजार रुपयांत मिळवू पाहताय. पात्र होण्याची शक्यता सातात एकाहून जास्त असेल, तरच पैशाच्या दृष्टीने हे परवडतं. सगळे सारख्या ताकदीचे असतील तर शक्यता आठात एक. म्हणजे सरासरी खेळाडूलाही जागा थोडी महागच पडते, आणि नवख्याला आणखी. मुख्य स्पर्धेत थेट एंट्री मिळत असेल आणि तिथे जायचंच असं ठरलेलं असेल, तर चार-पाच क्वालिफायर खेळण्यापेक्षा पैसे साठवून थेट फी भरणं कधी कधी स्वस्त पडतं.

जागा मिळाली म्हणजे सगळा खर्च मिटला असंही नाही. मुख्य स्पर्धा मुंबईत असली की अवंतिका एक्सप्रेसचं जाण्यायेण्याचं तिकीट, तीन-चार रात्री राहणं, खाणं, सरावाचं टेबल, आणि नोकरी असेल तर रजा. हे सगळं 'फुकट' जागेच्या मागोमाग येतं. म्हणून जागा घेण्याआधी विचारून ठेवा: काही कारणाने जाता आलं नाही तर जागा पुढच्या नंबराला जाते का? त्याऐवजी रोख मिळतं का? दुसऱ्याच्या नावावर करता येते का? आणि आधीच पात्र झालेला खेळाडू पुन्हा जिंकला, तर जागा कुणाला?

री-एंट्री, म्हणजे हरल्यावर पुन्हा फी भरून उतरण्याची सोय, असेल तर थोडं सावध राहा. १६ जणांपैकी आठ जणांनी पुन्हा भरले तर आणखी ८,००० जमा झाले. त्यातून तिसरी जागा निघते की नाही, हे आधी जाहीर झालेलं असावं. आणि स्वतःशी घरूनच ठरवून निघा की आपण पुन्हा भरणार नाही. पहिली मॅच ५-४ ने हरल्यावर, हात थरथरत असताना, पाकीट उघडण्याचा निर्णय कधीच शहाणा नसतो. मी तो तीनदा घेतलाय आणि तिन्ही वेळा पैसे गेले.

सहावी पायरी: विचारा, आणि लेखी घ्या

फोनवर गोड बोलून काही उरत नाही. व्हॉट्सॲपवर एकच मेसेज टाका, उत्तर जपून ठेवा. मी त्या मुलाला हा लिहून दिला:

"नमस्कार दादा. स्पर्धेत उतरायची इच्छा आहे. कृपया एवढं कळवाल का: एंट्री जास्तीत जास्त किती घेणार? फीमधले टेबलखर्चाला किती? बक्षीस कितव्या क्रमांकापर्यंत आणि प्रत्येकी किती? एंट्री कमी आल्यास बक्षीस कसं बदलेल? डबल नॉकआउट की सिंगल, रेस कितीची? स्पर्धा रद्द झाली किंवा मला यायला जमलं नाही तर फी परत मिळेल का? बक्षीस त्याच दिवशी देणार का, रोख की यूपीआयने?"

आयोजक समोर असेल आणि तो गल्लीतला ओळखीचा असेल, तरी हेच विचारा. चांगल्या आयोजकाला अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट त्याच्याकडे वाटपाचा तक्ता तयारच असतो आणि तो स्पर्धेच्या दिवशी ड्रॉशेजारी भिंतीवर चिकटवतो. उत्तर टाळलं, 'अरे आओ तो, हो जाएगा' म्हणून विषय गुंडाळला, तर फी भरू नका.

स्पर्धेच्या दिवशी

फी यूपीआयने भरा, म्हणजे नोंद राहते. रोख दिलीत तर पावती मागा किंवा यादीत नावापुढे 'जमा' लिहून घेतल्यावरच हला. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. पुकारल्यावर ठरलेल्या मिनिटांत टेबलावर नसाल तर मॅच जाते आणि फी परत मिळत नाही.

ड्रॉ नीट बघा. अकरा जण आले आणि ड्रॉ सोळाचा असेल, तर पाच जणांना बाय मिळतो, म्हणजे पहिली फेरी न खेळताच ते पुढे जातात. बाय बहुतेक सीडेड, म्हणजे वरचं मानांकन दिलेल्या, खेळाडूंना जातो, ती रीत आहे. पण बायमुळे एक फेरी न खेळता कुणी बक्षिसाच्या क्रमांकात पोचणार असेल, तर तो नियम आधी सांगितलेला हवा.

कधी कधी अंतिम फेरीतले दोघं पहिल्या-दुसऱ्या बक्षिसाची बेरीज करून निम्मं-निम्मं वाटून घेतात. आयोजकाला सांगून, उघडपणे केलं तर काही ठिकाणी चालतं. नव्या खेळाडूने मात्र असा प्रस्ताव आला तरी मॅच खेळावी असं मला मनापासून वाटतं. अंतिम फेरीचा तो दाब पुन्हा कधी अनुभवायला मिळेल सांगता येत नाही.

आणि मॅचच्या बाजूला लागणाऱ्या पैजांपासून लांब राहा. अमेरिकेत पूल स्पर्धेआधी खेळाडूंचा लिलाव करून त्यावर पैसे लावायची पद्धत आहे आणि तिला चक्क 'कॅलकटा' म्हणतात, आपल्या कोलकात्यावरून. ऐकायला गंमत वाटते, पण तो सरळ सट्टा आहे, स्पर्धेच्या बक्षिसाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे त्यात सापडलात तर स्पर्धाही जाईल आणि घरच्यांचा विश्वासही.

कराचं थोडक्यात

बक्षीस १०,००० रुपयांच्या वर गेलं की आयोजक ३० टक्के टीडीएस, म्हणजे देण्याआधीच कापायचा कर, कापून उरलेलं देऊ शकतो. वरच्या उदाहरणात १२,००० जिंकणाऱ्याच्या हाती मग ८,४०० येतील. म्हणून पॅन मागितलं तर दचकू नका, उलट कापलेल्या रकमेचं टीडीएस सर्टिफिकेट मागा आणि आयकर खात्याच्या पोर्टलवर ती तुमच्या नावावर दिसते का बघा. कापले पण भरलेच नाहीत, असं व्हायला नको. पुढचं सीएला विचारा.

वही

शेवटची पायरी साधी. एक वही करा आणि प्रत्येक स्पर्धेची एक ओळ लिहा: तारीख, फी, जाण्यायेण्याचा खर्च, किती मॅच, किती जिंकल्या, बक्षीस. वर्षाची रक्कम आधी ठरवा आणि ती संपली की त्या वर्षी फक्त सराव. मी विद्यार्थ्यांना सांगतो की महिन्याला टेबलाच्या भाड्यावर जेवढं घालवता, त्याच्या निम्म्याहून जास्त फीवर घालवू नका. सरावाशिवाय भरलेली फी ही फक्त दुसऱ्याच्या बक्षिसात भर असते.

त्या मुलाला मंगळवारी उत्तर आलं. खेळाडू २४ पर्यंत, सिंगल नॉकआउट, रेस टू ७, बक्षीस फक्त पहिल्या दोघांना. त्याने कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाला, "काका, म्हणजे तीन मॅच जिंकूनही हातात काही नाही?" दीड हजार त्याने भरले नाहीत. दोन आठवड्यांनी पलासियाच्या बाजूला एका पार्लरने सोळा जणांची डबल नॉकआउट ठेवली, फी ४००, बक्षीस चौघांना. तिथे उतरला. एक जिंकला, दोन हरला. त्याच्या वहीतली पहिली ओळ मी पाहिलीय: फी ४००, मॅच ३, जिंकली १, बक्षीस ०. आणि खाली पेन्सिलीने: "ब्रेकला पांढरा चेंडू तीनदा पॉकेटात गेला. हळू मारायचं, पुढच्या चेंडूवर पूर्ण भरून."